मास्तरांनी खरडलेला तारा

“मूळमा नही ना? मंग खरड!” असं म्हणून मास्तर ब्लेड उचलायचे. पलसाण्याच्या आमच्या साडी-छपाईच्या मिलमध्ये ते स्क्रीन, म्हणजे छपाईचे साचे, बनवायचे. खालून दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर फिल्म ठेवायची, शेजारी मूळ डिझाइन, आणि मुळात नसलेला प्रत्येक काळा ठिपका खरडून काढायचा. एक जरी राहिला तरी तो साडीसाडीवर उमटतो. या कामात मास्तरांचा हात धरणारा कुणी नव्हता.

मूळचे धुळ्याकडचे, बोली अहिराणी, राहायला डिंडोलीत. घरी गेले की आकाशाच्या मागे. दुर्बिणीचा आरसा स्वतः घासलेला, नळी सांडपाण्याच्या पाइपची. ती गच्चीवर चढवताना शेजाऱ्यांना वाटे, टाकीचं काम निघालं. वहिनी म्हणायच्या, “लोके तारा मोजतस, आमना ह्या त्यास्ना फोटो काढतस!”

नव्वद सालानंतरची गोष्ट. एका उन्हाळ्यात पेपरात बातमी आली, की सप्तर्षींच्या दिशेला, फार दूरच्या एका दीर्घिकेत तारा फुटला आहे. मास्तर पेपर फडकवत माझ्या टेबलाशी आले.

“कोटभर वरीस पहिले फुटना, उजेड आते येई राहिना! पाव्हणा शे भाऊ, थांबाव नही!”

तारा मंदावत चालला होता आणि चंद्र रोज मोठा होत होता. चांदणं वाढलं की दीर्घिका दिसेनाशी होणार. त्याच संध्याकाळी मास्तरांनी गच्चीवर दुर्बिणीला कॅमेरा लावला.

सकाळी मिलच्या अंधारखोलीत फिल्म धुतली आणि काचेवर ठेवली. धुतलेल्या फिल्मवर सगळं उलटं, आकाश पांढरं आणि तारे काळे ठिपके. फरक कळावा म्हणून शेजारी त्याच दीर्घिकेची आपलीच जुनी फिल्म मांडली. मी बाजूलाच होतो. मास्तर वाकले. एक काळा ठिपका जुन्या फिल्मवर नव्हता. ब्लेड चाललं आणि ठिपका गेला.

तेव्हाचा त्यांचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होतात.

“हाऊ हात, भाऊ! यानी तारा खरडी टाका!”

मला हसू फुटलं, पण मास्तरांचे डोळे भरलेले पाहून मी ते गिळलं. कारागिराचा हात डोक्याला विचारून थोडाच चालतो?

संध्याकाळी मीही गच्चीवर गेलो. मास्तरांनी घरोघर जाऊन दिवे मालवून घेतले होते. अख्खी गल्ली ओट्यावर बसून वर बघत होती. मास्तर भिंगाला डोळा लावून स्क्रू केसाकेसाने फिरवत होते, तारा फिल्मवर जागचा हलू नये म्हणून. अजून किती वेळ, म्हणून खालून शेजारीण गुजरातीत ओरडली, “मास्तर, हवे केटली वार?” त्यांना श्वास घ्यायचीही चोरी, म्हणून मीच ओरडलो, “थोडी वार, बेन!”

दुसऱ्या सकाळी मास्तरांनी टेबलावरची सगळी ब्लेडं माझ्या खिशात घातली, हात मांडीखाली दाबून बसले आणि म्हणाले, “तू देख.”

मी पाहिलं. होता! मी असा ओरडलो की छपाईची माणसं रंगाच्या हातांनी धावत आली. मास्तरांनी मला उचललंच. आनंदाने माणूस वेडा होतो म्हणतात, तो मी त्या दिवशी पाहिला.

मास्तर गेले तेव्हा मी डिंडोलीला पोचलो, तर हार घालायला त्यांचा फोटो शोधणं चाललं होतं. पेट्याच्या पेट्या उघडल्या, सगळे फोटो आकाशाचे. कॅमेरा कायम त्यांच्याच हातात, त्यांचा फोटो काढणार कोण?

शेवटी वहिनींनी त्या ठिपक्याचाच फोटो पाटावर ठेवला. कुणीतरी काही बोलायला गेलं, तर म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या. इतला खूश आमना ह्या परत कधीच दिसनात नहीत.”

मी पुढे होऊन हार घातला. ठिपका झाकला जाऊ नये म्हणून जरा खाली सरकवला.