इंदुबाईंचा उजवा डोळा

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, पण स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण माझ्या सासूबाईंसमोर काढायची सोय नव्हती. त्यांना दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ खरोखरच दिसायचं आणि त्या ते काढायच्याही. आमच्या बेलवली गावात कुणाच्या डोळ्यात काही गेलं की तो आमच्या ओटीवर हजर. अंबरनाथच्या कारखान्यात ग्राइंडर चालवणारेसुद्धा यायचे. इंदुबाई पापणी उलटी करायच्या, पदराचं टोक जिभेवर ओलं करायच्या आणि "हललास तर डोळा तुझा जाईल, माझा नाय" असं दटावत कण बाहेर काढायच्या.

हे सगळं त्या एका डोळ्याने करत. डावा डोळा लहानपणी गोवरात गेला होता, त्यात पांढरं फूल पडलेलं होतं. पण बाईचा रुबाब असा, की दोन डोळेवाल्यांनी दबून राहावं. मी सून, मी तर राहिलेच.

इमारतींच्या मागे आमचा भाताचा एक तुकडा अजून आहे. दिवाळीनंतर तिथे झोडणी चालली होती, आणि उडालेलं कुसळ नेमकं त्यांच्या उजव्या, चांगल्या डोळ्यात गेलं. त्यांनी पाणी मारलं, पदराने चोळलं. दुसऱ्या दिवशी डोळा लालभडक. मी म्हटलं, "आई, डॉक्टरकडे जाऊ."

"आता तू मला डोळा शिकवणार?" संपलं बोलणं.

सासरे, म्हणजे सोमाबाबा, बायकोचा शब्द खाली पडू न देणारे. त्यांनी फडताळातून एक बाटली काढली. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेले थेंब. आमच्या आळीत कुणाचा डोळा आला की हीच बाटली घरोघर फिरायची. बाबांनी स्वतःच्या हाताने थेंब घातले. लाली उतरली, आम्ही सगळे खूश. मग अशी कळ सुरू झाली की आयुष्यात 'आई गं' न म्हणालेली बाई भिंतीला डोकं टेकून बसली. बुबुळावर पांढरा डाग आला होता.

डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी डाग जरासा खरवडला आणि दुर्बिणीखाली तपासला. कुसळाबरोबर बुरशी आत गेली होती. बाबांनी आणलेली बाटली त्यांनी उलटसुलट पाहिली. "यात स्टेरॉइड आहे. लाली दाबतं, पण बुरशीला मोकळं रान देतं." बाबांनी ती बाटली परत हातात घेतली नाही.

मग बुरशीचं औषध तासातासाला. ते बाबांनी स्वतःच घातलं, दुसऱ्या कुणाला घालू दिलं नाही. डोळा वाचला, पण जखम भरली तिथे व्रण राहिला, तोही बुबुळाच्या मधोमध. आता दोन्ही डोळ्यांत फूल. समोर नुसता दुधाळ उजेड. वरवरचा व्रण असता तर लेसरने साफ करता आला असता, किंवा खास कडक लेन्सवर भागलं असतं. हा खोल होता. बुबुळावरचा काचेसारखा पडदाच बदलायला हवा, आणि तो मिळणार कुणीतरी मेल्यावर डोळे दिले तरच.

"माझा घ्या," बाबा म्हणाले.

"जिवंत माणसाचा घेत नाही, काका."

"मेल्यावर चालंल? मोतीबिंदू झालेला हाय."

"चालेल."

"मग झालं," असं म्हणून ते उठले. इंदुबाई चिडल्या. "मेल्यावर देताय, मग मी बघू कुणाला?"

वाट पाहण्याच्या त्या महिन्यांत बाबांनी त्यांचा हात सोडला नाही. परसात, देवळात, दवाखान्यात, पुढे ते आणि मागे त्या. आणि मागूनच हुकूम सुटत, कारण आंधळी झाले म्हणून मुकी झाले नाय, असं त्यांनी जाहीर केलं होतं. माझी डाळ लागली की माझ्याआधी त्यांना कळायचं.

शेवटी नेत्रपेढीचा फोन आला, कुणीतरी डोळे दिले होते. ऑपरेशन झालं, बारीक टाके पडले. घरी द्यायचे थेंब हातात आले आणि बाबांचा चेहरा उतरला. बाटलीवर तेच नाव. "मी नाय घालणार," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "काका, तेव्हा आत बुरशी होती. आता नवा पडदा शरीराने परका म्हणून नाकारू नये, त्यासाठी हेच औषध लागतं. फक्त आम्ही सांगू तसं."

इंदुबाईंनी मान मागे टाकली. "ऐकलंत ना? घाला. तुमच्याच हातनं."

बाबांनी थेंब घातला. हळूहळू दिसू लागलं, तेव्हा त्यांनी आधी नवऱ्याला नीट न्याहाळलं. "अगं बाई, किती म्हातारे झालात!" बाबा इतके हसले की त्यांच्याच डोळ्यांतून पाणी आलं.

त्यानंतर आळीतल्या उरलेल्यासुरलेल्या बाटल्या इंदुबाईंनी हक्काने मागून घेतल्या आणि फेकल्या. ओटीवर अजूनही लोक येतात. आता त्या डोळ्यावर स्वच्छ पाणी ओततात, पदर कमरेला खोचतात आणि माणसाला रिक्षात घालून दवाखान्यात नेतात. वाटेत डोळा चोळला तर हातावर फटका.

गेल्या वर्षी सकाळी चहा घेता घेता बाबा गेले. मी रडत बसले. इंदुबाई उठल्या. त्यांनी पंखा बंद केला, बाबांच्या पापण्या मिटल्या, वर ओला कापूस ठेवला, डोक्याखाली उशी दिली आणि मला नेत्रपेढीला फोन लावायला सांगितलं. तेवढ्यात त्यांचे चुलत दीर हरिचंद्र आले. बाबांचे डोळे द्यायचेत हे कळलं तेव्हा ते हात जोडून म्हणाले, "वहिनी, असं नका करू. पुढल्या जन्मी दादा आंधळा येईल."

"येऊ द्या," इंदुबाई म्हणाल्या. "मी हाय ना. हाताला धरून फिरवीन. त्यांनी नाय फिरवली मला?"

मग कापूस सुकला होता तो पुन्हा ओला करत त्यांनी विचारलं, "शलाका, लागला का फोन?"