केळ्यांची हातगाडी

काल टीव्हीवर तो जुना विनोदी सिनेमा पुन्हा लागला. पुढे चोरांची मोटार, मागे पोलिसांच्या जीपा आणि वळणावर उडणारी केळ्यांची हातगाडी. अशा सिनेमांत कुणालाच लागत नाही, हीच त्यांची गोडी.

लहानपणी भाड्याने व्हीसीआर आणला की आम्ही नेमका तेवढाच भाग मागे नेऊन पुन्हा पुन्हा पाहायचो. एकदा आमच्या गल्लीतले केळीवाले मामा दारात उभे राहून पाहत होते. सगळे हसून लोळत असताना त्यांनी मला हळूच विचारलं, “त्या हातगाडीवाल्याचं पुढं काय झालं रे?”

“तो परत दिसतच नाही, मामा,” म्हणत मी कॅसेट पुन्हा मागे नेली.

काल मामा आठवले खरे. पण हातगाडी उडाली तेव्हा आधी मला हसूच आलं.