व्हॅल्युअरसाहेबांचा पाहुणचार

१४ मे, मंगळवार. अकोल्यात सकाळपासूनच ऊन कडक. कूलर फिरत होता, पण हवा तव्यावरची.

आता हे सांगितलं की तुम्ही हसाल. हसा. माझं हसून झालंय.

मी आणि सुनंदा राजीखुशीने वेगळे होत होतो. घर दोघांच्या नावावर. व्हॅल्युअर जी किंमत काढेल तिच्या निम्मे पैसे मी तिला द्यायचे आणि घर ठेवायचं, असं वकिलांसमोर ठरलं होतं. किंमत जास्त निघाली तर मला झेपणार नव्हतं. म्हणून भिंतीतल्या भेगा, ओल, गळका सज्जा, त्याला कुठून दाखवायला सुरुवात करून कुठे संपवायचं ते मी नीट ठरवून ठेवलं होतं. तो येणार होता दुपारी.

आणि त्याच दिवशी सकाळी, आमच्याकडे राहणाऱ्या पुतण्यासाठी, वैभवसाठी, तिवशाहून मुलीचे वडील घर बघायला येणार!

"एक सकाळ नवरा-बायकोसारखं वागू," मी सुनंदाला विनवलं.

"वागू," ती म्हणाली.

सकाळी दारात एक पोक्त गृहस्थ उभे. पाणी आणि चहा झाल्याशिवाय पाहुण्याला काम विचारायची आपल्याकडे रीत आहे का? नाही! मी त्यांना तोंडच उघडू दिलं नाही.

"या पाव्हणे, बसा! सुनंदा, चहा ठेव वं!"

पाणी पिऊन त्यांनी विचारलं, "बांधकाम कधीचं? कर्जबिर्ज हाय का?"

मला सांगा, मुलीचा बाप दुसरं काय विचारतो?

"कर्ज? एक रुपया नाई! दरवाजे सागवानाचे. बोअर भर उन्हायात आटत नाई. स्लॅब पाहा, थेंब गळत नाई!"

मग त्यांनी टेप काढला. वाह, बाप असावा तर असा! पोरीची आलमारी मावते का पाहून राहिला! टेपचं दुसरं टोक मीच धरलं. खोलीखोलीतून.

सुनंदा चहा घेऊन आली. "अहो, मांगची मोरी दाखवा ना त्याईले. नवी टाईल बसवली ते."

तिचं सहकार्य पाहून मला भरून आलं.

"आमच्या दोघांत कधी आवाज चढला नाई, पाव्हणे," मी म्हणालो.

ते हातातल्या कागदाकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे.

"भाऊ, मंग हे घटस्फोटाच्या केसचं मूल्यांकन कोणाचं व्हय? उन्हापायी मी लवकर निघालो, पत्ता तं हाच हाय."

"सुनंदा! तुले माहीत होतं?"

"'व्हॅल्युअर' असं बॅगेवर लिवलं हाय त्याईच्या. तुमी कोणाले बोलू देता कधी?"

मग मी सुटलोच. "साहेब, खोटं हाय सगळं! भिंतीले ओल हाय, सज्जा गळते, बोअर आटली! अन् या बाईचं अन् माहं या घरात एक दिवस पटलं नाई!"

"नमस्कार," मागून आवाज आला. दारात पेढ्यांचा पुडा घेऊन तिवशाचे पाहुणे. "गाडी जरा लेट झाली."

अहवालात घराची स्थिती 'उत्तम' लिहून आली. निम्मी रक्कम मला उभी करता आली नाही. घर ऑगस्टमध्ये विकलं. तिवशाहून नकार आला.