दफनभूमीचा रस्ता

राजारामपुरीत दर महिन्याला आम्हा ख्रिस्ती पाळकांची सभा भरते. आधी उपासना, मग प्रत्येकानं आपापल्या चर्चच्या मंडळीच्या अडचणी सांगायच्या आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. सचिव मी, त्यामुळे लिहायचं मीच. आणि मला वैताग आणणारा माणूस एकच: गडमुडशिंगीकडचे एक म्हातारे पाळक. त्यांचं नाव विचारायचं मला कधी सुचलंच नाही.

हेल्मेट मांडीवर घेऊन बसायचे. गाण्यात सगळ्यांच्या मागं रेंगाळायचे. अडचणी सुरू झाल्या की उठून दर वेळी तेच, "आमच्या दफनभूमीला रस्ता न्हाय. मयताची पेटी घिऊन उसाच्या बांधावरनं घसरतोय आम्ही. सगळी मिळून तहसील कचेरीत चला की."

"प्रार्थनेत ठेवू या," आम्ही म्हणायचो. पुढं पुढं तर ते उठायच्या आधीच मी वहीत लिहून टाकायचो.

गेल्या महिन्यात मात्र माझा तोल गेला. "अहो, किती वेळा तेच? देवानं केव्हाच ऐकलंय!"

ते हेल्मेट थोपटत म्हणाले, "त्येनं पहिल्याच दिवशी ऐकलंय की. मी तुमास्नी सांगतोय."

मग नेहमीसारखी प्रार्थना झाली. शेवटचं 'आमेन' मात्र आमच्या कुणाच्या तोंडून निघेना; आवाज फक्त त्यांचाच आला.