‘फेल’चा दुसरा अर्थ

हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. आईला सांगायचं राहिलं, आणि आता आई नाही. विहारात डोळे मिटून बसते तेव्हासुद्धा या गोष्टीच्या जवळ जाते आणि मागे फिरते. तुम्ही मला ओळखत नाही—कदाचित म्हणूनच तुमच्याशी बोलता येईल.

आधी वयनीबद्दल सांगते. दादाची बायको. भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन भिलाईला आली, सेक्टर दहामधल्या आमच्या क्वार्टरमध्ये. बाबा आणि दादा दोघंही स्टील प्लांटमध्ये. मी इथंच जन्मले, हिंदीत शिकले, मराठी फक्त घरातली. वयनी बी.कॉम. झालेली, गावाकडच्या कॉलेजात, मराठीतून. अकाउंट्स तिच्या हाडात होतं. पोळ्या लाटता लाटता ती मला डेबिट-क्रेडिट समजावून द्यायची आणि माझ्या कॉलेजच्या सरांपेक्षा मला ते लवकर कळायचं. इंग्रजीला मात्र ती घाबरायची. आणि मला इंग्रजी येतं, असा घरात समज होता. खरं तर मलाही येत नव्हतं. पण समज होता—आणि असा समज कोण स्वतःहून मोडतं?

एका सरकारी खात्यात लेखा विभागाच्या जागा निघाल्या. फॉर्म दोघींचेही मीच भरले. वयनीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, फॉर्मवर सासरचं. त्यानं काही अडेल, हे मला तेव्हा सुचलं नाही. तेवढं तरी मी मुद्दाम केलं नव्हतं.

निकाल लागला तेव्हा बाजारातल्या सायबर कॅफेतून मी तो छापून आणला. सगळी घोषणा इंग्रजीत. यादीत माझा नंबर नव्हता. पुन्हा पाहिलं, खालून वर पाहिलं. नव्हता. वयनीचाही नव्हता. तो सापडला खाली, वेगळा, अजून काही नंबरांसोबत, आणि त्यावर एक लांबलचक वाक्य. त्यात ‘विदहेल्ड’ होतं, ‘फॉर वॉन्ट ऑफ’ होतं, आणि मध्येच एक ओळखीचा शब्द: फेल.

वयनी माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिलाही तो शब्द दिसला. ‘‘फेल लिहिलं हाय नं ताई?’’ तिनं विचारलं. मी हो म्हटलं. त्या वेळी मला खरंच तसंच वाटलं होतं. इथपर्यंत माझा दोष नाही, असं मी किती वर्षं स्वतःला सांगत आले.

त्या संध्याकाळी मी रडत बसले, आणि समजूत काढली वयनीनं. पेपरच कठीण होता म्हणाली, तुमची चूक नाही म्हणाली. स्वतःबद्दल काहीच बोलली नाही. आई म्हणाली, जाऊ दे, दोघी सोबत राहिल्या. आणि मला—लिहिताना हात अडतो—मला त्या ‘सोबत’मध्ये बरं वाटलं.

पुढच्या परीक्षेसाठी मी सिविक सेंटरजवळच्या एका क्लासला जाऊ लागले. तिथले सर बंगाली, ऑफिसात जन्म घालवून रिटायर झालेले. सरकारी इंग्रजी पुस्तकातून येत नाही, असं ते म्हणायचे. ते सरकारी कागदातूनच शिकायचं. म्हणून त्यांनी नुकतीच लागलेली तीच निकालाची घोषणा फळ्यावर उतरवली. एकेक वाक्य सोलत गेले. ‘विदहेल्ड’ म्हणजे रोखून ठेवलेला, रद्द केलेला नाही. ‘वॉन्ट’ म्हणजे इथं इच्छा नाही, उणीव. मी भराभर लिहून घेत होते. मजा येत होती, खोटं का बोलू. कुलपं उघडल्यासारखं वाटत होतं.

मग ते वाक्य आलं. शुड दे फेल टु प्रोड्यूस द सेम. सरांनी ‘फेल’खाली रेघ ओढली. ‘‘यहाँ फेल का मतलब परीक्षा में फेल नहीं. ये लोग तो पास हैं. काग़ज़ जमा करने से चूक गए, तब जगह जाएगी.’’

ये लोग तो पास हैं.

म्हणजे वयनी पास होती. नाव बदलल्याचं शपथपत्र हवं होतं, बस. शेजारच्या दुर्गच्या कोर्टात जाऊन एका दुपारचं काम. आणि मुदत अजून संपली नव्हती.

घरी येताना सायकलवर मी वाक्य जुळवत होते, कसं सांगायचं त्याचं. नाही सांगायचं, असं मी ठरवलं नव्हतं. देवाशपथ वगैरे आम्ही म्हणत नाही, पण खरंच ठरवलं नव्हतं. दारात शिरले तर वयनी आपली पुस्तकं काढून बसलेली. सगळी माझ्यापुढे सरकवली. ‘‘मले आता कायले लागतात? तुमाले कामी येतीन.’’

तेव्हाच सांगायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं—वयनी, तुम्ही पास आहात. पण मला दिसलं की ती रायपूरला ऑफिसात जाईल आणि मी इथं तिच्या जागी पोळ्या लाटीन. बाबा पाहुण्यांना सांगतील, सून लागली. आणि मुलगी? मी पुस्तकं घेतली. चहा ठेवते म्हणाले, आणि आत गेले.

उद्या सांगू, असं रोज म्हणत गेले. मुदतीचा शेवटचा दिवस मला पाठ होता. तो गेला तेव्हा मला हायसं वाटलं. हो, हायसं. यापेक्षा बरा शब्द शोधला, पण तो खोटा निघाला असता.

पुढच्या परीक्षेत मी पास झाले. तिच्याच पुस्तकांतून, त्यात तिनं पेन्सिलीनं काढलेल्या खुणांवरून. सेक्टरमध्ये पेढे तिनं वाटले. पदर खोचून दारोदार गेली, आमची ताई लागली म्हणून सांगत. आज मी त्याच इंग्रजीत पत्रं लिहिते—अंडरमेन्शन्ड, हियरबाय, फेलिंग विच. लोक म्हणतात, मॅडमचं ड्राफ्टिंग चांगलं आहे.

वयनी पुन्हा कुठल्याच परीक्षेला बसली नाही. दादानं एकदा म्हणून पाहिलं, तिनं नकारार्थी मान हलवली. मग रिया झाली. मध्ये काही वर्षं वयनीनं हथखोजच्या एका कारखान्यात हिशेब सांभाळले, कमी पगारावर, मालकाची इंग्रजी पत्रं आली की दुसऱ्याकडे सरकवत.

परवा मी माहेरी गेले होते. रिया बारावी झाली आहे. कॉमर्स घेऊन पुढं परीक्षा दे, असं मी तिला म्हणत होते. ती हसून हिंदीत म्हणाली की तिच्या डोक्यात ते जाणार नाही, मम्मीवर गेली आहे. वयनी भाजी निवडत होती. तिनं वर न पाहता म्हटलं, ‘‘बरोबर हाय तिचं. मी फेल झालेली बाई आहो, मी काय सांगू तिले?’’

किती साधेपणानं म्हणाली. जशी आपली उंची सांगावी, आपलं गाव सांगावं, तसं. नोकरी गेली ती एकदाच गेली. पण हे वाक्य ती इतकी वर्षं रोज स्वतःला सांगत आली, आणि आता मुलीलाही ते खरं वाटतं. मी समोर बसून होते. भाजीची जुडी जवळ ओढली आणि तिच्यासोबत निवडत राहिले.

माझी वयनी फेल झाली नव्हती. ती पास झाली होती. मला माहीत होतं.