कॅप्टन घरी गेली असती तर?

मंडळी, अंतराळातली ती मालिका संपल्यापासून मी नाराज आहे. आज दुपारी ब्लाऊज आणायला भवानी पेठेत आमच्या टेलर पद्माक्कांकडे गेले, तर त्याही शिवता शिवता मोबाईलवर तोच शेवटचा भाग बघत होत्या!

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. यानाची कॅप्टन असलेली आई परत येते, तोवर तिची दोनच वर्षं गेलेली असतात, पण पृथ्वीवर चाळीस वर्षं उलटलेली असतात. मुलगी आईपेक्षा म्हातारी झालेली असते. ती आपल्याला ओळखणार नाही, या भीतीनं आई यान पुन्हा माघारी वळवते. संपली मालिका.

"चुकलंच की हे," मशीन थांबवून पद्माक्का म्हणाल्या. "तिनं घरी जायला पायजे होतं."

"पण मुलीनं ओळखलंच नसतं तर?"

"न्हाय तर न्हाय. आमचे हे कापडाच्या मागावर कामाला भिवंडीला होते, चार वर्षं. परत आले तर पोरगी त्यांना काका म्हणाली. लई रडले. पण दुसऱ्या दिवशी तिची वेणी घालायला बसले. वाकडीतिकडी घातली. ती तशीच शाळेत गेली."

"मग बाबा कधी म्हणाली?"

"ते कुणाच्या ध्यानात हाय? लागली म्हणायला."

घरी येईपर्यंत मी शेवट मनात बदलत होते. माझ्या शेवटात आता कॅप्टन बेल वाजवते. म्हातारी मुलगी दार उघडते आणि विचारते, "कोण पाहिजे?"

इथंच मी अडकले आहे. तुम्ही त्या आईच्या जागी असता, तर काय म्हणाला असता?