घड्याळ काढलं, मीटर बसवलं

आयुष्यात जितका वेळ गाडीच्या आत बसला त्याच्या चौपट वेळ गाडीच्या खाली झोपला, असा माणूस उभ्या नवी मुंबईत एकच आहे, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघावा हा माझ्या पत्रिकेतला योग आहे. मी त्यांना दाजी म्हणतो, कारण माझी बायको म्हणते. ते मला पाव्हणं म्हणतात, माझ्या लग्नाला एकवीस वर्षं झाली तरी. सानपाड्याला त्यांच्याकडे गेलं की पहिलं दर्शन पायांचं होतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले असतात. आपण त्या पायांना नमस्कार करायचा, आणि पाय म्हणतात, "आलासा व्हय पाव्हणं? जरा तो बारा-तेराचा पाना सरकवा हिकडं." मग अर्धा तास पायांशी गप्पा मारून आपण वर चहाला जायचं. माझ्या मुलीला पाचव्या वर्षापर्यंत काकांचा चेहरा नीट ठाऊक नव्हता, असं माझी बायको सांगते, आणि ती सहसा फेकत नाही.

गाडी विलायती, दोन दारांची, पिस्ता बर्फीच्या रंगाची, वयाने दाजींहून पाचेक वर्षांनी लहान. दाजी मूळचे साताऱ्याकडचे. शिरवण्याच्या बाजूला एका कारखान्यात कंप्रेसरवर त्यांनी पस्तीस वर्षं काढली, आणि तिथल्याच एका निवृत्त साहेबांकडून त्यांनी ही गाडी रीतसर मागून आणली, मुलगी मागायला जातात तशी पेढे घेऊन. तेव्हापासून 'ओरिजिनल' हा त्यांचा धर्म झाला. गाडीचा स्क्रूसुद्धा बदलायचा नाही. मी एकदा हौसेने सीटची नवी कव्हरं भेट नेली, तर दाजींनी ती दोन्ही हातांनी घेतली, माझे आभार मानले आणि घरातल्या सोफ्याला घातली. डॅशबोर्डच्या मधोमध एक गोल घड्याळ होतं, ते कित्येक वर्षांपासून बंद. "दाजी, हे बदला की," असं मी एकदाच म्हणालो. आईचे उरलेसुरले दात काढून कवळी बसवा म्हटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बंद हाय," ते म्हणाले, "पन खरं हाय."

कान हे त्यांचं दुसरं दैवत. कारखान्यात म्हणे ते स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवून मूठ कानाशी धरायचे आणि आतलं कुठलं बेअरिंग कधी जाणार ते सांगायचे. हे मी ऐकीव सांगतोय, पण मिक्सरचा किस्सा माझ्या डोळ्यांदेखतचा आहे. आम्ही खाली उभे होतो, दुसऱ्या मजल्यावर कुणी तरी चटणी वाटत होतं. दाजी बोलता बोलता थांबले, वर बघत म्हणाले, "कपलर गेलं हिचं, आजची चटणी निघंल, उद्याची न्हाय." दुसऱ्या दिवशी त्या वहिनी पाटा-वरवंटा मागायला दाजींच्या बायकोकडे, आक्कांकडे हजर. नव्या गाड्यांत इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारं जे आरपीएम मीटर असतं, त्याला तर दाजी पोट धरून हसायचे. "इंजिन किती पळतंय ते बगाया डोळं कशाला लागत्यात? बायकू रागावलीया का हे कळाया घरात मीटर लावतो का कुनी?"

बायको मात्र गेल्या वर्षी रागावली, आणि मीटरशिवाय कळली. चैत्रात गावची यात्रा असते. सानपाड्यातले निम्मे सातारकर त्या आठवड्यात गावाला पळतात, आणि दाजी दर वर्षी आपल्या गाडीनेच जातात. गेल्या वर्षी घाट चढताना गाडी अर्ध्यावर उकळली. वाफेचे लोट, बोनेट उघडं, रस्त्याकडेला दगडावर बसलेल्या आक्का आणि त्यांच्या मांडीवर देवीचं पातळ. पालखी हुकली. आक्का म्हणजे माझी थोरली मेहुणी, बोलणं एकदम कमी, पण त्या बोलल्या की ठराव होतो. त्यांनी ठराव केला, "फुडच्या यात्रंला ही घाटात उकळली, तर बेलापूरचा त्यो लग्नाला गाड्या देनारा मागतोय, त्याला दिऊन टाकायची." लग्नाची गाडी म्हणजे बोनेटवर चिकटपट्टीने झेंडू लावणार. दाजी महिनाभर गाडीखाली गेले नाहीत. त्यांच्या पायांना चप्पल घातलेली बघून मलाच कसंसं व्हायचं.

आणि मग यंदा, यात्रेच्या आदल्या रविवारी, सकाळी साडेआठला माझा फोन वाजला. "पाव्हणं, आत्ताच्या आत्ता या. घड्याळ काढलं."

मी दाढी अर्धी टाकून बेलापूरहून निघालो. घड्याळ काढलं म्हणजे काय, थट्टा आहे का? पार्किंगमध्ये दाजी चक्क उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून, आणि चेहरा असा की घरात नातू झालाय. डॅशबोर्डला गोल भोक. जुनं घड्याळ मलमलच्या फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात गेलेलं. आणि दाजींच्या हातात हळद-कुंकू लावलेलं, काळ्या तबकडीचं, पांढऱ्या आकड्यांचं आरपीएम मीटर. "माप त्येच बगा, सुताचा फरक न्हाय. जनू गोऱ्या साहेबानं ह्याच्यासाठीच भोक पाडलं हुतं." घड्याळाला दोन वायरी, याला चार. तीन तिथल्या तिथे लागल्या, चौथी इंजिनाच्या कॉइलपर्यंत न्यायची होती. दाजी डॅशबोर्डखाली उलटे झाले, मी वायर ओढत बोनेटपाशी. "आली का?" "आली." "खरंच आली का?" दोन पोरं पतंगाच्या मांज्याशी करतात तसा आमचा उत्साह. वॉचमन आला, तळमजल्याचे जोशी आले, कुणी तरी नारळ फोडा म्हणालं, आणि नारळ खरोखर फुटला. मला विचाराल तर ओरिजिनलचा धर्म का बुडवला हे मी त्याच वेळी विचारायला हवं होतं. पण इतक्या आनंदात कोण विचारतो?

दाजींनी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, काटा थरथरून उठला आणि चारशेवर थांबला. "चारशे?" दाजी दचकले. "उभ्या गाडीला आठशे पायजे. तरीच गेल्या साली दगा दिला." ते स्क्रूड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरचा स्क्रू पिळू लागले. मी आत काट्याकडे बघत ओरडून आकडे सांगत होतो. पाचशे. सहाशे. सहाशेला इंजिन गुरगुरायला लागलं, सातशेला जोशी कानावर हात ठेवून मागे सरकले, आणि आठशेला गाडी अशी गरजायला लागली की तीन मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. दाजी येऊन माझ्या शेजारी बसले. काटा बरोबर आठशेवर. त्यांनी समाधानाने माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाले, "बगा, कशी मांजरावानी बसलीया."

दोन मजल्यांवरचा मिक्सर ओळखणारा माणूस दोन हातांवरचा गदारोळ ऐकत नव्हता. मी चावी फिरवून इंजिन बंद केलं. मीटरच्या खोक्यातला कागद उलगडून वाचला, तर मीटरच्या पाठीला एक छोटं बटण असतं, इंजिन किती सिलिंडरचं ते ठरवणारं. आपल्या गाडीला चार, बटण आठवर. म्हणजे काटा निम्मं दाखवत होता, खरे फेरे सोळाशे. मी कागद दाजींपुढे धरला. त्यांनी तो वाचला, वरच्या उघड्या खिडक्या पाहिल्या, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कधीपासून, दाजी?" मी कानाशी जाऊन विचारलं.

"उजवा कान कंप्रेसरनं खाल्ला, नोकरीतच. डावा गेल्या साली. घाटात मला वाटलं तिसऱ्या गिअरात हाय. दुसऱ्यातच हुती बिचारी, वरडत हुती, आन मला काय बी कळंना." मग कागदाची घडी घालत, "तुमच्या आक्काला बोलू नका. गाडी जाईल."

आक्का मागेच उभ्या होत्या. इतका आवाज झाल्यावर त्या खाली आल्याशिवाय थोड्याच राहणार? त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता झेंडू लागले. आक्का मीटरकडे पाहत राहिल्या, मग पदराने त्यावरचं सांडलेलं कुंकू टिपलं. "कानाला मशीन लावायचं," त्या म्हणाल्या. "हॉर्न ऐकू आला पायजे. इंजिनाचं त्यो काटा बगंल. मग यात्रंला न्या." ठराव झाला. मला त्या क्षणी आक्कांचे पाय धरावेसे वाटले.

शनिवारी आम्ही निघालो, मीही रजा टाकून, कारण हे चुकवणं शक्यच नव्हतं. घाट आला. दाजींच्या दोन्ही कानांत मशीन, बटण चारवर, डोळे रस्त्यावर, आणि काट्याचं काम आक्कांकडे. "तीन हजाराच्या वर चाललाय," आक्का पहिल्यांदा म्हणाल्या, आणि दाजींनी गिअर असा बदलला की हिसकासुद्धा बसला नाही. प्रत्येक वळणाला आक्का आकडा सांगत होत्या, आवाज चढत होता, शेवटच्या दोन वळणांना तर त्या सीटवर पुढे सरकून लढाई चालल्यासारख्या ओरडत होत्या. माथ्यावर चहाची टपरी आहे. गाडी तिथे उभी राहिली, बोनेट उघडलं, वाफेचा टिपूस नाही. मी शिट्टी मारली. आक्कांनी डोळे पुसले आणि धुळीला नावं ठेवली.

दाजी मात्र चालू इंजिनापाशी उभे राहिले. त्यांनी कानातली मशीनं काढून आक्कांच्या हातात दिली. "ह्यातनं समदं पत्र्यावानी वाजतंय," ते म्हणाले. "पाव्हणं, तुमी ऐका आन मला सांगा, कशी वाजतीया ती." मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. तरी मी वाकलो आणि जे ऐकू आलं ते त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन, मोठ्याने, एकेक करून सांगू लागलो. दाजींनी डोळे मिटले होते.

"सावकाश सांगा," ते म्हणाले. "काय बी गाळू नका."